पिक्चर पडला, की आपली खोली?

घरी सिनेमा बघून झाला की पहिल्या पाच मिनिटांत निघणारे शेरे ठरलेले असतात. ‘फार स्लो आहे.’ ‘काय बोलतायत तेच कळत नाही.’ ‘सगळा अंधारच अंधार.’ आणि चौथा, जरा घुटमळत आलेला: ‘चांगला आहे, पण काहीतरी सीरियलसारखं वाटतं.’ या चौथ्याला ‘काहीतरी’ म्हणजे काय ते नीट सांगता येत नाही, पण चौघांत नजर तयार आहे ती त्याचीच. त्याने पकडलेली खोट खरी आहे. फक्त ती सिनेमात नाही, टीव्हीच्या मेनूत तीन पायऱ्या आत आहे.

बाकीच्या तीन शेऱ्यांचंही थोडंफार तसंच. त्यातला काही वाटा सिनेमाचा, काही पडद्याचा, काही खोलीचा आणि काही आपला. मित्रांच्या ग्रुपवर दोनच ओळी टाकायच्या असल्या तरी हे वाटे वेगळे करता आले की त्या ओळींना वजन येतं.

सीरियलपासून सुरुवात करू. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची दांडी हाताने फिरवायचे, वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालून जायचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि आवाजाची पट्टी फिल्मवरच आली. आता वेग हलला की माणसाचा आवाजही हलणार, म्हणून एक आकडा पक्का करावा लागला. तो २४ ठरला आणि आजतागायत टिकला. २४ फ्रेम्समध्ये हलणारी वस्तू किंचित पुसट होत जाते, आणि त्या पुसटपणाचीच डोळ्यांना ‘सिनेमा’ म्हणून सवय झाली आहे.

टीव्हीचा पडदा मात्र बहुधा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून टीव्ही एक फ्रेम तीनदा दाखवतो, पुढची दोनदा, परत तीनदा, परत दोनदा. माणसं बसून बोलत असताना हे कळतही नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरायला लागला की इमारतींच्या उभ्या कडा बारीक गचके खात जाताना दिसतात. १२० च्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम पाच वेळा दाखवली की हिशेब सुटतो. तो तसा सोडवला असता तर प्रश्नच नव्हता. पण टीव्ही बनवणाऱ्यांनी दुसरीच शक्कल लढवली: दोन फ्रेम्सच्या मधली फ्रेम टीव्हीनेच अंदाजाने रंगवायची. हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत होते, खेळाचा सामना झकास दिसतो आणि सिनेमाची वाट लागते; सीरियलसारखं वाटतं ते हेच. राजवाड्याचा सेट प्लायवुडचा दिसू लागतो, विग हा विग वाटतो, नटाचा चेहरा मेकअप केलेला चेहरा होतो. अंदाज चुकला की चालणाऱ्या माणसाच्या कडेभोवती पाण्यासारखं काहीतरी लहरताना दिसतं.

या सोयीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय. एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’. टॉम क्रूझने २०१८ च्या डिसेंबरात दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला शेजारी उभं करून या एका सेटिंगविरुद्ध व्हिडिओ काढला होता. विमानाला लटकणाऱ्या माणसाला एवढ्याशा बटणाचा राग यावा, हे मला फार समजण्यासारखं वाटतं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. तो टीव्हीत असेल तर बाकी कटकट करायची गरजच नाही, तो लावला की हे सगळं एका झटक्यात बंद होतं.

नसेल तर क्रम असा. आधी सिनेमा सुरू करा आणि मग मेनूत शिरा. बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक इनपुटचं आणि प्रत्येक ॲपचं सेटिंग वेगळं साठवलं जातं, त्यामुळे मुख्य पानावर बदललेलं सेटिंग सिनेमा लागल्यावर गायब झालेलं असतं. ‘पिक्चर मोड’मध्ये ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा. मग ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन मोशनचं सगळं बंद. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याच्या जवळ. तो वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांना पांढरी किनार तेवढी चढते. कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ किंवा ‘वॉर्म २’. इथे घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, ‘सगळं पिवळं झालं!’ झालेलं नसतं. सिनेमाचे घरासाठीचे रंग ठरवतात तो पांढरा साधारण ६५०० केल्विनचा असतो, आणि दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही त्याहून निळा पाठवलेला असतो. दोन-तीन संध्याकाळी तसंच बघत राहा. नंतर जुना मोड लावलात की बर्फाळ निळा तोच वाटेल.

आता अंधार. याचे आरोपी बरेच आहेत.

चित्रपटगृहातला पांढरा पडदा तुम्हाला वाटतो तेवढा प्रखर नसतो. त्याचं मानक सुमारे ४८ निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आहे, साधा टीव्हीसुद्धा त्याच्या कितीतरी पट उजेड फेकतो. तरी चित्रपटगृहात काळोखातला चेहरा दिसतो आणि घरी दिसत नाही, कारण तिथे खोलीत दुसरा उजेडच नसतो. घरी समोर खिडकी आहे, डोक्यावर दिवा आहे आणि पडद्याची काच आरशासारखी आहे. काळा रंग पडद्यावर रंगवता येत नाही, उजेड काढून घेऊनच तो मिळतो. त्यावर खोलीतला उजेड पडला की काळा राखाडी होतो आणि त्या काळ्यापेक्षा जेमतेम उजळ असलेलं सगळं त्यात बुडून जातं. पूर्ण अंधार करून बसलं तर डोळे दुखतात, म्हणून दिवा टीव्हीच्या मागे ठेवावा: भिंतीवर पडणारा, पडद्याच्या उजेडाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा मंद, आणि शक्यतो पांढराच, निळा-जांभळा नको.

दुसरा आरोपी वीज वाचवणारं सेटिंग. ‘इको’, ‘एनर्जी सेव्हिंग’, ‘लाइट सेन्सर’ असं काहीही नाव असेल. खोलीत अंधार झाला की ते पडदाही मंद करतं. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या सिनेमांत याचा फटका जास्त बसतो. त्या तंत्रात पडद्याचा उजेड आधीच कोपऱ्याकोपऱ्याने मोजून वाटलेला असतो, त्यातून सरसकट कापला की सावल्यांचा भाग आधी जातो.

तिसरा आरोपी सेट-टॉप बॉक्सची किंवा लॅपटॉपची टीव्हीशी जोडणी. व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ अशी एक मोजपट्टी आहे, कॉम्प्युटरची ० ते २५५ अशी दुसरी. पाठवणारा एक पट्टी वापरतोय आणि टीव्ही दुसरी, असं झालं की एका बाजूने बिघडल्यास काळा धुरकट दिसतो, दुसऱ्या बाजूने बिघडल्यास काळे केस, काळा कोट आणि मागची भिंत यांचा एकच गोळा होतो. सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘आरजीबी रेंज’ अशा नावाखाली ते सापडतं. दोन्ही टोकांना ‘ऑटो’ ठेवून बघावं, नाही जमलं तर दोन्हीकडे एकच पट्टी हाताने लावावी.

चौथा आरोपी इंटरनेट. ४के स्ट्रीमिंगसाठी सेवा साधारण १५ मेगाबिट प्रति सेकंद वेग मागतात, ४के डिस्कवर हाच आकडा शंभराच्या पुढे जाऊ शकतो. एवढं चित्र तेवढ्याशा नळीतून पाठवायचं तर कुठेतरी काटछाट होणार, आणि ती काळोखात होते, कारण तिथे कुणाचं लक्ष जाणार नाही असा हिशेब असतो. धुक्यातलं, समुद्राच्या तळाचं, मेणबत्तीच्या उजेडातलं दृश्य लागलं की तो हिशेब उघडा पडतो. भिंतीवरच्या सावलीत चौकोनी ठोकळे सरकताना दिसतात, किंवा आकाशात उजेडाच्या कडा नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या उमटतात. अगदी सुरुवातीच्या चित्रावरून तर निकाल देऊच नये, त्या वेळात सेवा अजून तुमच्या लाइनचा अंदाज घेत असते.

हे सगळं तपासून झाल्यावरही नायिकेचे डोळे दिसत नसतील, तर तो सिनेमाच अंधारा आहे. असे असतातही, आणि अलीकडे बरेच असतात. तेव्हा ‘छायाचित्रण अंधारं आहे’ हा शेरा बिनधास्त मारावा. पण तो मारताना एक गोष्ट जरूर बघावी: काय लपवलंय? खोली दिसत नाही आणि चेहरा दिसतोय, तर कुणीतरी विचार करून दिवा ठेवलाय. खोलीही नाही, चेहराही नाही आणि गोष्टीला त्या क्षणी चेहऱ्याचीच गरज आहे, तर चूक त्यांची.

आवाजाची तक्रार सगळ्यांत न्याय्य, आणि तरी सगळ्यांत जास्त वेळा चुकीच्या माणसाच्या नावावर लागलेली. ‘हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात’ हे काही प्रमाणात खरं आहे. बाकीचं गणित असं. सिनेमाचा ध्वनी मिसळतात ती खोली ८५ डेसिबलच्या मानकावर लावलेली असते आणि मोठ्या आवाजांना त्याच्या वर आणखी २० डेसिबलची जागा असते. म्हणजे स्फोट १०५ पर्यंत जाऊ शकतो. घरात एवढ्या आवाजात कुणी बघत नाही. आपण सगळंच पंधरा-वीस डेसिबल खाली आणतो. स्फोट खाली आला तरी स्फोटच राहतो, पण कुजबुज खाली आली की ती पंख्याच्या, फ्रिजच्या, रस्त्याच्या आवाजाच्या पातळीला येते आणि त्यात विरघळते. मग कुजबुजीसाठी आवाज वाढवायचा, गोळीबाराला कमी करायचा, असा रिमोटचा व्यायाम दोन तास.

त्यात भर आवाजाच्या वाहिन्यांची, म्हणजे एकेका स्पीकरसाठीच्या वेगळ्या ट्रॅकची. ५.१ ध्वनीत समोर तीन, बाजूला दोन आणि खर्जाची एक अशा सहा वाहिन्या असतात, आणि जवळजवळ सगळे संवाद समोरच्या मधल्या वाहिनीत असतात. टीव्हीला सहसा मधला स्पीकर नसतो. असतात ते दोन, तेही पडदा पातळ झाल्यापासून खाली किंवा मागे तोंड करून बसलेले. मग मधली वाहिनी ३ डेसिबलने उतरवून दोन्हीकडे वाटली जाते आणि तिथेच आधीपासून संगीत वाजत असतं. संवाद भिंतीवर आपटून, संगीताच्या गर्दीतून वाट काढत तुमच्यापर्यंत येतो. तेवढ्यात त्यातले ‘स’, ‘त’, ‘फ’ गळून पडलेले असतात, आणि शब्द ओळखायला नेमके तेच लागतात.

उपाय याच क्रमाने करावेत, कारण पहिला फुकट आहे आणि शेवटचा खर्चिक. ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत एकाच भाषेचे दोन पर्याय असतील, साधा आणि ५.१, तर टीव्हीच्या स्पीकरवर साधा निवडा. तो बहुधा दोन स्पीकरसाठीच तयार केलेला असतो. मग टीव्हीचा साउंड मोड ‘क्लियर व्हॉइस’ किंवा तत्सम. बास दोन-तीन घरं खाली. खर्ज शब्दांवर बसतो. रात्री ‘नाइट मोड’, जो मोठे आवाज दाबतो आणि लहान वर उचलतो. त्याने सिनेमाची चढउतार सपाट होते हे खरंच, पण घरातलं झोपलेलं माणूस उठण्यापेक्षा ते बरं. एवढ्यानेही भागलं नाही तर साउंडबार, आणि तो घेताना छतावरून आवाज पाडणाऱ्या गमतींपेक्षा खोक्यावर ३.१ किंवा ५.१ लिहिलंय का तेवढं पाहावं. पहिला आकडा तीन किंवा पाच म्हणजे मधला स्पीकर वेगळा आहे. २.१ मध्ये तो नसतो, मग धमाका वाढतो आणि संवाद आहे तिथेच राहतो.

ब्लूटूथ हेडफोन लावला की वेगळीच गंमत. आवाज उशिरा येतो. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला जाणवायला लागतं, उशिरा आला तर मात्र १२५ पर्यंत खपतं. हा भेद निसर्गातून आलाय: लांबच्या माणसाने टाळी वाजवलेली आधी दिसते, मग ऐकू येते, उलटं कधीच होत नाही. साध्या ब्लूटूथचा उशीर सहज या सव्वाशेच्या पुढे जातो. गंमत म्हणजे ‘ओठ जुळत नाहीत’ हे प्रत्येकाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते एवढंच, की नटाचं बोलणं खोटं वाटतंय. ‘अभिनय लाकडी आहे’ असा शेरा लिहायच्या आधी ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘एव्ही सिंक’ बघावं. एखादं पात्र दार आपटतं, कप ठेवतं, टाळी देतं असं दृश्य थांबून थांबून पाहिलं की फरक लगेच कळतो.

आणि सबटायटल. लावावेत, पण त्यांची किंमत माहीत असावी. प्रौढ वाचकाचा वेग सेकंदाला सतरा-अठरा अक्षरं धरला तर साठ अक्षरांचा दोन ओळींचा सबटायटल वाचायला साडेतीन सेकंद लागतात. शॉट चार सेकंदांचा असेल तर चेहऱ्याच्या वाट्याला अर्धा सेकंद उरला. विनोदात तर घातच. नट थांबतो, श्वास घेतो, आणि त्याच्या तोंडून टोमणा बाहेर पडण्याआधी तो तुम्ही खाली वाचलेला असतो. त्याने घेतलेला तो थांबा वाया जातो. म्हणून भाषा समजत असेल तर हाणामारीच्या, गलबल्याच्या सिनेमांना सबटायटल आणि विनोदी सिनेमांना नकोत, असा माझा सरळ कल आहे. भाषा समजत नसेल तर मूळ भाषेतला आवाज आणि खाली सबटायटल; डबिंगमध्ये आवाज बंद खोलीतला आणि चित्र डोंगरावरचं, ही तफावत कान सतत पकडत राहतो.

वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. टीव्ही १६:९ चा आहे, म्हणजे १.७८. रुंद सिनेमा २.३९ चा. तो रुंदीत पूर्ण बसवला की उंचीचा साधारण चौथा हिस्सा काळा राहणारच. झूमचं बटण दाबून पट्ट्या घालवल्या की तोच चौथा हिस्सा आता डाव्या-उजव्या बाजूंनी कापला जातो. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडतायत आणि आपल्याला दिसतंय टेबल. बटण सोडून द्या.

मोबाइलवर बघणाऱ्यांना मात्र मी नावं ठेवणार नाही, निदान आकाराबद्दल तरी. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तो तीन मीटरवरून पाहिला तर डोळ्यांसमोरचा १८ अंशांचा कोन व्यापतो. साडेसहा इंची मोबाइल आडवा धरून ३३ सेंटिमीटरवर ठेवला तर २५ अंश. म्हणजे हातातला पडदा भिंतीवरच्या पडद्यापेक्षा डोळ्यांना मोठा दिसतो. चित्रपटगृहांसाठी ३० अंशांच्या आसपासचा कोन चांगला मानतात. ५५ इंची टीव्हीवर तो हवा असेल तर सोफा सव्वादोन मीटरवर ओढावा लागेल. घरोघरी खुर्च्या याच्या कितीतरी मागे असतात. मोबाइलचा घोटाळा आकारात नाही. तो दर सात मिनिटांनी दुसरंच काहीतरी दाखवतो, यात आहे.

इथून आपला वाटा सुरू होतो, आणि ‘स्लो’ या शेऱ्याची खरी चौकशीही. इंग्रजी चित्रपटांत १९३० च्या सुमारास एक शॉट सरासरी १२ सेकंद टिकायचा, २०१० पर्यंत ही सरासरी अडीच सेकंदांच्या आसपास आली. अडीच सेकंदांना सरावलेल्या डोळ्यांपुढे बारा सेकंदांचा शॉट आला की पहिल्या चार सेकंदांत माहिती संपते. बाई खिडकीत उभी आहे, कळलं. हात मोबाइलकडे जातो तो इथे. आणि त्या शॉटचं काम पाचव्या सेकंदाला सुरू होणार होतं: ती खिडकीची कडी लावते, परत काढते, तशीच ठेवते. परत मान वर करेपर्यंत बाई स्वयंपाकघरात. मग ‘काही घडतच नाही’ असं मनापासून वाटतं, कारण आपल्यापुरतं खरंच काही घडलेलं नसतं. दीडपट वेगाने बघण्याचंही असंच. शब्द कळतात, सूरही सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, पण शांतता आखडते. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प राहून दिलेला होकार दोन सेकंदांत आला की तो साधा होकार होतो.

थांबवायचं असेल तर कुठे थांबवावं यालाही रीत आहे. सिनेमा दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांनी रचलेला असतो, त्या तुकड्याचा छोटा प्रश्न तिथेच सुटतो आणि नवा उभा राहतो. जागा बदलली, दिवस बदलला, बाहेरून इमारतीचा शॉट आला की तुकडा संपलाय. पाणी प्यायला तिथे उठावं. भांडणाच्या मध्यात थांबवून दहा मिनिटांनी परत लावलं तर चढलेला पारा शून्यावरून चढवावा लागतो, आणि नट बिचारे आधीच ओरडत असतात. मग ते भडक वाटतात. अशा वेळी दोन मिनिटं मागे जाऊन लावावं.

विनोदी सिनेमाबद्दल आणखी एक. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असं आढळलं होतं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट वेळा चारचौघांत हसतो. तेव्हा रात्री एकट्याने पाहिलेल्या विनोदी सिनेमाला ‘हसूच आलं नाही’ म्हणून निकालात काढणं अन्याय आहे. एकट्याने बघताना निकष ‘हसलो का’ हा नसावा. ‘विनोद कळला आणि पटला का’ एवढा पुरे.

आता शब्दांकडे. संथ गतीबद्दल मराठीत एवढे शब्द आहेत आणि आपण सगळ्यांवर ‘स्लो’चं एकच लेबल चिकटवतो. ‘संथ’ ही तक्रारच नाही; वेग कमी, पण ओघ अखंड. ती दिग्दर्शकाची निवड आहे. ‘रेंगाळलेला’ म्हणजे कुठे जायचं ते ठरलंय, पण पाय उचलत नाही. हा दोष पटकथेचा. ‘पाल्हाळ’ संवादांत असतं, एका वाक्यात कळलेलं चार वाक्यांत सांगणं. ‘ताणलेला’ म्हणजे गोष्ट दीड तासाची आणि लांबी अडीच तासांची. इथे संकलकाची कात्री कुणीतरी धरून ठेवली होती. ‘विसविशीत’ म्हणजे प्रसंग एकेकटे बरे आहेत, पण वीण सैल. मधला एक काढून घेतला तरी कुणाला पत्ता लागणार नाही. पाच शब्द, पाच वेगळे अर्थ. नुसता योग्य शब्द निवडला की अर्धं परीक्षण झालं.

बाकीचं अर्धं म्हणजे पुरावा. ‘दुसरा भाग रेंगाळतो’ ही ओळ कुठल्याही सिनेमाला चिकटते. तिच्याऐवजी असं लिहून बघा: ‘भाऊ घर विकायला तयार झाला तिथे गोष्ट संपली होती; पुढची २५ मिनिटं आपल्याला आधीच माहीत असलेलं एकेका पात्राला कळत जातं.’ आता वाचणाऱ्याला पटो न पटो, तपासता येतं. यासाठी बघताना फक्त एक करायचं. मन भरकटलं हे लक्षात आलं की पडद्यावरची वेळ बघून कागदावर आकडा टाकायचा. ४७. ७२. ७९. वाक्यं लिहायची नाहीत, ती लिहिता लिहिता पुढचा प्रसंग जातो. नंतर त्या आकड्यांवर परत जाऊन पाहिलं की कधी कारण सापडतं, कधी तिथे काहीच वावगं नसतं आणि आठवतं की तेव्हा फोन वाजला होता. तो आकडा खोडायचा.

लिहावं दोनदा. लगेच तीन ओळी, दुसऱ्या दिवशी एक. लगेचच्या ओळी शेवटाच्या ताब्यात असतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर ३० सेकंद जास्त, फक्त त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. परत करायचं झालं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलंच निवडलं. त्रास किती वेळ झाला हे आठवणीतून निसटतं. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट तेवढे उरतात. दोन तास कंटाळवाणा सिनेमा शेवटच्या दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी आणून ‘मस्त होता’ होतो तो असा, आणि पावणेदोन तास उत्तम चाललेला सिनेमा शेवट गंडल्यावर ‘वेळ वाया’ होतो तोही असाच. दुसऱ्या दिवशी काय आठवतंय ते बघावं. एखादं दृश्य, एखादा आवाज, किंवा काहीच नाही. ‘काहीच नाही’ हाही शेराच आहे, आणि तसा तो लिहावा.

याच कारणासाठी नामावली चालू असताना पुढचं काहीतरी आपोआप सुरू होणं मला खटकतं. शेवटचा शॉट संपून काळं झालं, संगीत सुरू झालं, आणि पाच-दहा सेकंदांत चित्र कोपऱ्यात आक्रसून भलत्याच सिनेमाचा ट्रेलर ओरडायला लागला. आठवणीतला शेवट तो झाला. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ बंद करता येतं, पुढचा भाग आपोआप लागण्याचं आणि ट्रेलरचं असे बहुधा वेगवेगळे चौकोन असतात. दोन्हींतली खूण काढायची.

तारे द्यायचेच असतील तर तीनचा अर्थ आधी ठरवा. आपण मुळात आवडेल असं वाटणारेच सिनेमे निवडतो, त्यामुळे सगळे साडेतीन आणि चारमध्ये जाऊन बसतात आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही. शेवटाबद्दल बोलताना ‘ट्विस्ट भारी आहे’ हेसुद्धा फोडणंच आहे. ते वाचलेला माणूस पहिल्या मिनिटापासून संशयित शोधत बसतो. आणि प्रतिक्रियेच्या खाली एक ओळ बघण्याच्या अटींची टाकावी: ‘५५ इंची टीव्ही, मूळ भाषा, सबटायटल, एका बैठकीत.’ किंवा ‘मोबाइलवर, इअरफोन लावून, तीन तुकड्यांत.’ दुसरी ओळ लिहायला लाज वाटायचं कारण नाही. ती असली की वरच्या ‘विसविशीत’ या शब्दाकडे कसं बघायचं ते वाचणाऱ्याला कळतं.

मागे एखाद्या सिनेमाला आपण फारच खाली ढकललं, अशी शंका असेल तर तो सगळा परत बघायची गरज नसते. सेटिंग बदलून झाल्यावर तीन जागा पुरतात: रात्रीचं एक दृश्य, दोन माणसं संगीताच्या पार्श्वभूमीवर हळू बोलतायत असं एक, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरतोय असं एक. दिवा टीव्हीच्या मागे, फोन दुसऱ्या खोलीत. पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यातही तो अंधारा, अस्पष्ट आणि रेंगाळलेलाच निघाला, तर जुना शेरा तसाच ठेवायचा, फक्त त्याच्यापुढे मिनिटांचा आकडा घालायचा.